पेटवणारे सर

परवा रिक्षाने घरी जात होते. उरण नाक्यावर सिग्नलला थांबलो आणि समोर बघते तर सर. चांगले दहा फूट उंच, फ्लेक्सवर. अंगावर शाल, हात जोडलेले, चेहऱ्यावर असं हसू की जन्मात मी या माणसाला तसं हसताना पाहिलेलं नाही. खाली सोनेरी अक्षरांत 'क्रीडामहर्षी'. महर्षी! माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "काय झालं मॅडम?" म्हटलं, काही नाही, ठसका लागला.

घरी पोचते न पोचते तोच माधुरीचा फोन. माधुरी आमच्या कबड्डी संघाची कप्तान. अजूनही आवाज तसाच, 'पकड, पकड' म्हणून ओरडल्यासारखा. "अगं, सरांची एकसष्टी करतोय आपण सगळ्या मुली. गौरव अंक काढायचाय. सरांनी आपल्याला कसं मोटिव्हेट केलं, त्यावर चार पानं तू लिही. तुझे निबंध बरे असायचे. आणि चांगलं लिही हं!"

चांगलं लिही हं. म्हणजे तिलाही ठाऊक आहे, की खरं लिहिलं तर चांगलं होणार नाही.

तेव्हा हे चांगलं नाही, खरं लिहितेय. अंकात छापणार नाहीत, न छापू देत. मी त्यांना इथे अहो-जाहो करते आहे ती सवय म्हणून. पाच वर्षं 'सर, सर' करून जीभ वळलेली आहे, ती आता सरळ होत नाही.

आम्ही खेळायचो तेव्हा पनवेलची महापालिका व्हायची होती, आणि कबड्डी टीव्हीवर यायची होती. आमचं मैदान तळ्याजवळच्या एका शाळेचं, लाल मातीचं. रोज संध्याकाळी साडेपाचला सर रसायनीहून थेट तिथे यायचे. तिथल्या एका कंपनीत ते स्टोअरकीपर होते. स्कूटरच्या मागे सुतळीने बांधलेली पांढरी प्लास्टिकची खुर्ची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि पायात खडू लावून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. मैदानाच्या कडेला खुर्ची मांडायची, पायाखाली पेपर पसरायचा आणि त्याच्यावर ते पांढरे बूट ठेवून बसायचं. पाच वर्षांत त्या बुटांना मैदानाची माती लागलेली मी फक्त एकदा पाहिली, आणि त्याबद्दल पुढे सांगणारच आहे. आम्ही कोपर-ढोपर सोलून घेत होतो आणि हे महाशय पेपरवर पाय ठेवून आम्हाला मातीशी इमान शिकवत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते यापेक्षा वेगळं नसावं.

स्वतः खेळले होते का? देव जाणे. कुणी म्हणायचं, कॉलेजात जबरदस्त चढाई करायचे. कुणी म्हणायचं, स्कोअर लिहायचे. एकदा माधुरीने धीर करून विचारलं, तर म्हणाले, "स्वयंपाक्याला जेवायला लागत नाही, चव कळावी लागते." माधुरी हे वाक्य अजून लोकांना ऐकवते, आणि लोक मान डोलावतात.

त्यांची शिक्षा म्हणजे ती खुर्ची. एखादीच्या हातून पकड सुटली, की सर उठायचे, खुर्ची उचलून गर्रकन उलटी फिरवायचे आणि मैदानाकडे पाठ करून बसायचे. मग आम्ही त्यांच्या टकलाकडे बघत खेळायचं. चांगलं खेळलं तर खुर्ची पुन्हा सुलटी व्हायची, पण तुम्ही चांगलं खेळलात हे पाठ केलेल्या माणसाला कळणार कसं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. कर्जतला एका स्पर्धेत ते अख्खा सामना असेच पाठमोरे बसले. समोरच्या संघाच्या बाई लिंबू-सरबत घेऊन धावत आल्या, "सरांना चक्कर येतेय का हो?" आम्ही हसू दाबून दाबून अर्धमेल्या झालो, आणि सामना हरलो. हरल्याचं खापर अर्थात आमच्या हसण्यावर फुटलं.

हसण्याशी त्यांचं हाडवैर होतं. "हसायला लग्नं आहेत," म्हणायचे. "मैदानावर माणूस पेटलेला पाहिजे." पेटणं हा त्यांचा लाडका शब्द. ओलं लाकूड पेटत नाही, त्यावर रॉकेल ओतावं लागतं. आणि कौतुक म्हणजे पाणी. त्यामुळे पाच वर्षांत त्यांच्या तोंडून कुणी 'छान' हा शब्द ऐकला नाही. समोरचा अख्खा संघ बाद करून लोना चढवा, जिंकून या, ढाल आणा, सर फार तर म्हणायचे, "समोरचे अगदीच टाकाऊ होते."

मग रॉकेल कुठून आणायचं? इथे सरांचा तो जगप्रसिद्ध सिद्धांत. दर शनिवारी जुडगा वाजवत ऐकवायचे, "प्रत्येक माणसाची एक चावी असते. ती सापडली की खेळाडू पेटलाच." ही चावी शोधायला ते घरोघर जायचे. अचानक यायचे, पोहे खायचे, चहा प्यायचे, "पोरगी कशी आहे बघायला आलो" म्हणायचे. आई-बापांना कोण कौतुक! सर स्वतः घरी आले! आणि सरांचं लक्ष पोह्यांवर नसायचंच. ते भिंतीकडे बघायचे. कुणाच्या फोटोला हार आहे, कुणाचा फोटो काढून ठेवल्याची चौकोनी खूण उरली आहे, बाप कुठल्या खोलीत झोपलाय आणि दुपारी का झोपलाय. आणि मग पुढच्या सामन्याआधी पाच मिनिटं एकेकीला बाजूला घेऊन त्या त्या जागी नेमकं टोचायचं. आता मी लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या शिरा शोधून सुई टोचते, पण मी आधी कापूस फिरवते.

माधुरीची थोरली बहीण इंजिनीअरिंगला होती. तिला ऐकवायचे, "घरात एकच हुशार असते, बाकीच्या भांडी घासतात." ती रडत रडत पकडी करायची. शिरढोणची एक मुलगी होती, वैशाली. ती बिचारी लाजाळू. तिला म्हणायचे, "क्रांतिकारकाच्या गावची तू! तिथल्या माणसाने इंग्रज सरकार हादरवलं, आणि तुला बोनस रेषा ओलांडायची भीती वाटते?" वैशालीने दोन महिने ऐकून घेतलं आणि एक दिवस म्हणाली, "सर, आम्ही तिथे भाड्याने राहतो. मूळचे साताऱ्याचे." त्या दिवशी खुर्ची उलटी झाली ती सात वाजेपर्यंत.

मधे एकदा वाशीला कसलंसं एक दिवसाचं शिबिर झालं, आणि सर तिथून अगदी बदलून आले. म्हणाले, जगात आता पॉझिटिव्ह चालतं. मग आठ दिवस आम्ही गोल करून, डोळे मिटून, छातीवर हात ठेवून, "मी विजेती आहे, मी विजेती आहे" असं म्हणत होतो. तळ्यावर फिरायला येणारे काका-काकू थांबून बघायचे. सर प्रत्येकीला "यू आर द बेस्ट" म्हणायचे, पण ते म्हणताना त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. नवव्या दिवशी पेणच्या संघाकडून सडकून हरलो. सरांनी खुर्ची उलटी केली आणि आमचा जीव भांड्यात पडला. खरंच सांगते, बरं वाटलं. माणूस कशाकशाला सरावतो!

या सगळ्यात एकच मुलगी अशी होती की जिच्यापुढे सरांचं काही चालेना. दर्शना.

दर्शना कोन गावची. आगरी घरातली, उंच, सावळी, पायांत नुसती स्प्रिंग. बारा मुलींत चढाई करावी तर तिनेच. आणि ती चढाई करताना हसायची. खोटं वाटेल, पण 'कबड्डी कबड्डी'चा दम चालू आणि चेहऱ्यावर हसू, गणपतीत नाचताना असतं तसं. समोरच्या मुली आधी गोंधळायच्या, मग चिडायच्या, आणि तेवढ्यात ही एकीला हात लावून परत. बाद होऊन बाहेर आली तरी हसायची. "कसली धरलीन बघ मना! भारी हाय ती!" समोरच्या मुलीचं असं मनापासून कौतुक करणारी खेळाडू मी तरी दुसरी पाहिली नाही.

सरांनी तिच्यावर सगळं रॉकेल ओतून पाहिलं. रंगावर बोलले. "व्हय सर, आमच्या घरान सगलीच कालीं हाय." बोलण्यावर बोलले. "काय करू सर, तोंडान तसाच येतंय." बापाने जमीन विकून पैसा उडवला, त्यावर बोलले. "मंग? उरवला खरा! गारी घेतलीन ती पन ठोकलीन." आणि खो खो हसायची, आणि तिच्याबरोबर आम्हीही. सर काळवंडायचे. त्यांच्या कारकिर्दीतलं हे एकच कुलूप, आणि त्याला भोकच नव्हतं. तिची चावी सगळ्यांना दिसत होती हो. तिला खेळायला मजा यायची. बस. पण 'मजा' हे कारण सरांच्या स्टोअरमध्ये नव्हतंच.

आणि मी? मी राखीव. बारा जणींत अकरावी किंवा बारावी. मी मन लावून सराव करायची, सगळ्यांच्या आधी यायची, चुन्याच्या रेषा आखायची, पाण्याच्या बाटल्या भरायची. सरांनी माझ्या घरी कधी पोहे खाल्ले नाहीत. माझी चावी शोधायची त्यांना गरजच वाटली नव्हती. मला त्याचंही वाईट वाटायचं, हे आज लिहिताना लाज वाटते. दर्शना मात्र सरावानंतर माझ्याबरोबरच थांबायची. तिची कोनची रिक्षा भरेपर्यंत आम्ही दोघी तळ्याच्या पायऱ्यांवर शेंगा खात बसायचो. मी नवीन पनवेलच्या सेक्टरमधली, दोन खोल्यांत वाढलेली, जपून बोलणारी. ती सगळं बोलायची.

आमच्या शेवटच्या वर्षी दर्शनाचं लग्न ठरलं. मुलगा उरणकडचा, बंदरात नोकरीला. सुपारी फुटली. तो एकदा सामना बघायला आला होता आणि तिला "भारी खेलतेस" म्हणाला होता. त्यावर ती महिनाभर तरंगत होती. मग एका पेपरच्या स्थानिक पानावर तिचा चढाईचा फोटो आला. हाफ पँटमधला, अर्थातच. साडी नेसून कबड्डी खेळत नाहीत. आणि पंधरा दिवसांत लग्न मोडलं. घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं, पत्रिका जमली नाही.

खरं काय ते तिने मला पायऱ्यांवर सांगितलं. मुलाने स्वतः फोन केला होता. म्हणाला, "सगल्या गावानी बघितलेलं पाय मी घरान कसं आनू?" हे सांगताना ती पहिल्यांदा हसली नाही. शेंगांची टरफलं एक एक करून पाण्यात टाकत होती. "आयशीला पन नाय सांगला मी ह्यो शबुद. तुलाच सांगतंय. कोनाला बोलू नको हां." मी तिचा हात धरला, आणि आईची शपथ घेतली.

तिच्या बापाने मग सांगून टाकलं, यंदा जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर खेळ, नाहीतर पुरे झाला तमाशा. जिल्ह्याच्या संघातून राज्य स्पर्धा, तिथे चमकलं तर रेल्वेत नाहीतर पोलिसात खेळाडूंच्या जागेवर नोकरी. दर्शनाला ती नोकरी हवी होती. "पगार आला ना हातान, का मंग बघू कोन माजं पाय बघतंय," म्हणायची. निवड एकाच स्पर्धेतून व्हायची, आणि ती स्पर्धा दोन आठवड्यांवर आलेली.

अशा वेळी एका संध्याकाळी सराव संपल्यावर सर मला म्हणाले, "चल, रस पिऊ."

मला! राखीवला! एसटी स्टँडच्या बाजूच्या रसवंतीत आम्ही बाकावर बसलो. सरांनी माझ्यासाठी फुल ग्लास सांगितला. मग म्हणाले, "मी बारा जणींना बघतो. अकरा जणी खेळतात. तू बघतेस. तुला माणसं कळतात. असा डोळा हजारात एकाला असतो, तू पुढेमागे कोच होशील."

पाच वर्षांतलं ते पहिलं कौतुक. माझ्या आयुष्यातलंच पहिलं म्हटलं तरी चालेल, आमच्या घरी तशी पद्धत नव्हती. माझे कान गरम झाले. आणि मग सरांनी अगदी सहज, ग्लासातला बर्फ हलवत विचारलं, "दर्शनाचं काहीतरी बिनसलंय. तिच्या भल्यासाठी विचारतो. निवड हुकली तर पोरीचं आयुष्य जाईल. काय झालं गं नेमकं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. मुलाचं ते वाक्यसुद्धा, शब्दाला शब्द. वर 'तिच्या भल्यासाठी' असं मनाला समजावलं, आणि आईची शपथ रसाबरोबर गिळली. सरांनी फक्त मान हलवली. जुडगा त्या दिवशी वाजवला नाही.

स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो. समोर अलिबागकडचा संघ, तगडा. निवड समितीची तीन माणसं टेबलामागे. पहिल्या डावात आम्ही सात गुणांनी मागे. दर्शना बरी खेळत होती, हसतही होती, पण दोनदा पकडली गेली होती. तिला पकडणारी त्यांची राईट कव्हर, एक ठेंगणी, गोरी मुलगी. बाहेर येऊन दर्शना मला म्हणाली, "कसली ताकद हाय गो तिची!"

मध्यंतर झालं. मी बाटल्या वाटत होते. सर खुर्चीवरून उठले आणि चक्क मैदानात, मातीत चालत आले. सगळ्या जणी थक्क. ते दर्शनाच्या समोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्या मुलाने केलं ते योग्यच केलं. सगळ्या गावाने पाहिलेले पाय कोण घरात आणेल? आणि पाय तरी कसले, धड चढाईसुद्धा जमत नाही त्यांना."

दर्शनाने सरांकडे पाहिलं नाही. तिने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला वाटतं, ती फक्त खात्री करून घेत होती. मग तिने माझ्या हातातली बाटली न घेता पाठ फिरवली.

दुसऱ्या डावात जी उतरली ती दर्शना नव्हती. दम घेताना दात आवळलेले, डोळे बारीक. पहिल्या चढाईत दोन, दुसरीत तीन. लोक उभे राहिले. सर खुर्चीवर नव्हतेच, कडेला उभे राहून मुठी आवळत होते. "बघा! याला म्हणतात मोटिव्हेशन!" तिसऱ्या चढाईला ती गोरी कव्हर पाय धरायला खाली वाकली, आणि दर्शनाने मागची लाथ मारली. स्पर्शापुरती नाही. मी कडेला होते, मला दिसलं. तिने आधी मागे वळून बघितलं, तोंड कुठे आहे ते पाहिलं, आणि मग मारली.

ती मुलगी तोंड धरून बसली. बोटांतून रक्त. समोरचे दोन दात मातीत पडले होते. पंचांनी शिट्टी वाजवली आणि गुण आमच्या बाजूला दिला, कारण स्पर्श झाला होता.

आम्ही तीन गुणांनी जिंकलो. आमच्या मुली नाचत होत्या, माधुरीला खांद्यावर घेतलं होतं. सर समितीच्या टेबलापाशी हात बांधून उभे होते, पांढरे बूट लालेलाल. आणि दर्शना मैदानाच्या मधोमध गुडघ्यांवर बसून माती चाळत होती. मी जवळ गेले. तिने वर न बघता सांगितलं, "एक गावला. दुसरा बघतंय." दुसरा मिळाल्यावर तिने दोन्ही दात आपल्या रुमालात बांधले आणि त्या अलिबागच्या मुलीच्या कोचबाईंना नेऊन दिले. त्यांनी रुमाल घेतला आणि तिच्या तोंडावर म्हणाल्या, "लाज वाटत नाही?" दर्शना म्हणाली, "वाटतंय."

जिल्ह्याच्या यादीत तिचं नाव आलं. तिसरं. जिल्हा संघाच्या सराव शिबिराला ती गेली नाही. मैदानावरही आली नाही. आठवड्याने सर मला मागे बसवून कोनला घेऊन गेले, तुझी मैत्रीण आहे, तू समजाव म्हणून. ती खुर्ची मला मांडीवर घ्यावी लागली, कारण सरांना दुसऱ्याच्या घरच्या खुर्चीत बसवत नसे. कोनच्या ओट्यावर आपल्याच खुर्चीत बसून त्यांनी तिच्या बापाला पाऊण तास करिअर समजावलं. गंमत म्हणजे बाप तयार होता. यादीत नाव आलं होतं ना, दिलेला शब्द तो पाळत होता. नाही म्हणाली ती दर्शना. चहा ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मना आता खेलाचा नाय. डोलं मिटलं का ती पोर दिसतंय. आन तिला लाथ मारली तवा मना बरा वाटला, ह्याचा मना भ्याव वाटतंय." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. चहा मात्र मलाही दिला.

परतताना सर स्कूटरवरून मागे वळून म्हणाले, "मटेरियल चांगलं होतं. किलर इन्स्टिंक्ट कमी पडली." झालं. एका वाक्यात निकाल. बारा मुलींतली एकुलती एक अस्सल खेळाडू या माणसाने जाळून टाकली, आणि वर म्हणे लाकूड कच्चं! त्या क्षणी मला त्यांना ती खुर्ची फेकून मारावीशी वाटली. मी ती नीट मांडीवर धरून पनवेलपर्यंत आणली.

यानंतर सरांच्या हाताखालून आणखी मुली गेल्या, एक-दोघी नोकरीलाही लागल्या. टीव्हीवर कबड्डी आल्यावर सर स्थानिक चॅनेलवर मुलाखती द्यायला लागले. त्यांच्या मुलाखतीत 'पनवेलची एक सामान्य मुलगी मध्यंतरात कशी पेटली आणि सात गुणांची पिछाडी कशी भरून काढली' ही गोष्ट हमखास असते. दात नसतात तीत. मीही नसते. मी वर्षानुवर्षं ती मुलाखत लागली की टीव्हीसमोर बसून त्यांना शिव्या घालते. नवरा म्हणतो, बंद कर ना मग. पण शिव्या घालून जरा हलकं वाटतं, ते काही मी सोडत नाही. सगळं पाप त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं, असं म्हटलं की माझ्या वाट्याला काही उरत नाही.

माधुरीच्या फोननंतर मात्र राहवेना. तिने सांगितलं होतं, "दर्शनाचेही दोन शब्द घे ना, तू तिची खास मैत्रीण." बारा वर्षांत मी कोनला पाऊल टाकलं नव्हतं. रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. रविवारी गेले.

दर्शनाचं लग्न गावातच झालंय. एक्स्प्रेसवेकडे जाणाऱ्या रस्त्याला नव्या इमारती उठतायत, तिथल्या कामगारांसाठी ती खानावळ चालवते. अंगाने भरली आहे. मी गेले तेव्हा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मला ओळखायला तिला क्षणभरही लागला नाही. "ये, बस. जेवलीस?" म्हणाली, जणू मी कालच येऊन गेले होते.

मी गौरव अंकाचं काढलं. ती म्हणाली, "लिव काय पन. सर बरं व्हतं, असा लिव. म्हातारा मानूस, खुश होईल." मग मी वही मिटली आणि सांगून टाकलं. रसवंती, फुल ग्लास, शपथ, सगळं. ती भाकरी उलटत राहिली.

"मना तवाच म्हाईत व्हता," म्हणाली. "तुला सोरून कोनाला सांगलाच नवता मी."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू येशील सांगाला, म्हनून थांबली व्हती." तिने तव्यावर पाण्याचा हात फिरवला. "मंग त्या दिवशी तुला खेलनाऱ्या सातान घेतलान का सरांनी?"

"नाही."

"मंग काय दिलान तुला?"

"काही नाही. म्हणाले, तुला माणसं कळतात. बस, एवढंच म्हणाले."

तिचे हात पहिल्यांदा थांबले. पिठाचा गोळा परातीत ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती शिवी देईल, आणि खरं सांगते, ती मला हवी होती.

"येवराच पायजे व्हता, तं मना बोलाचा ना," ती म्हणाली. "मी रोज बोलली असती तुला."